पाठीवरची बाटली

[पहाट. मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या बांधणारे हात.]

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. कोल्हापुरात फुटबॉलची ओळख सांगायची ती तालमीच्या नावानं. शाहू स्टेडियमवर या तालमी भिडल्या की पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. खेळणारी पोरं मात्र बहुतेक हौशी. कुणी दुकानात, कुणी कॉलेजात. सरावाला सकाळचा तास मिळाला तरी खूप.

त्यात वॉर्म-अप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या, थोडं वाकणं, आणि "चला, टीम पाडा!"

[एक खेळाडू वाकतो. बोटं नडगीपाशी अडतात.]

हा बचावफळीतला गडी. "शिरा आखडल्यात," म्हणतो. रोज ताणतो, रोज तिथंच अडतो. घोडं कधीकधी कमरेपाशी पेंड खात असतं. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू आपण ज्या हाडावर बसतो, तिथून निघतात. पोटाची पकड सुटून कमरेचा सांगाडा पुढं कलला की ते हाड वर सरकतं आणि स्नायू उभ्या उभ्याच ताणला जातो. आधीच ताणलेली दोरी आणखी किती ओढणार?

ही पकड धरणारे पोट-कमरेचे स्नायू म्हणजे कोअर. आरशात दिसणाऱ्या वड्यांशी त्याचा फारसा संबंध नाही. हॉजेस आणि रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की धडधाकट माणसाचा पाय हलण्याआधीच पोटातला सर्वांत खोल स्नायू कामाला लागतो. कंबरदुखीवाल्यांत तो उशिरा जागा होतो.

आता कुणी म्हणेल, आमच्या तालमीत जोर-बैठका होत्याच की! होत्या, आणि जोर मारणाऱ्याचं पोट काही लेचंपेचं नसतं. पण त्यात दोन्ही पाय जमिनीवर. फुटबॉलचा फटका एका पायावर उभं राहून मारायचा.

म्हणून 'फिफा इलेव्हन प्लस' या वीसेक मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये प्लँक आहे, म्हणजे कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं; कुशीवरचा साइड प्लँक आहे, एका पायावर तोल धरणं आहे. नॉर्वेत २००७ च्या हंगामात १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर तो तपासला गेला. करणाऱ्या संघांत एकूण दुखापती साधारण एक-तृतीयांशानं कमी निघाल्या. यातला वाटा एकट्या कोअरचा नाही, हेही खरं. नुसत्या कोअरच्या व्यायामानं फटक्याचा जोर वाढतो का, यावर तर अजून एकमत नाही. पण दुखापतीनं अर्धा हंगाम बाकावर काढलेल्याला विचारा, त्याला काय हवंय.

[प्लँक. पाठीवर, कमरेच्या खोलगटात, पाण्याची अर्धी बाटली आडवी.]

कोपर खांद्याखाली. श्वास चालू. आता एकेक पाय दोन-दोन सेकंद उचलायचा.

डावा उचलला. बाटली थरथरली, राहिली.

उजवा उचलला. कंबर कलली, बाटली घरंगळली.

याच डाव्या पायावर उभा राहून तो उजव्यानं मारतो.

[तो बाटली पुसतो, शेजारच्याच्या हातात देतो, पुन्हा कोपरांवर येतो.]

"ठेव रे परत."