तव्याच्या काजळीचा अंगठा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी झाली. आमच्या बीड जिल्ह्यात फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत गाड्या भरायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सरपण, ताडपत्री, घागरी, पिठाची पोती, कोयते, आणि या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्चून गेलेली असते. ती फेडायला नवराबायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी त्यांची जोडी, ऊसतोडीला निघतो आणि परततो मार्च-एप्रिलात. शाळेचं अर्धं वर्ष त्यात जातं. मी याच भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आता निवृत्त आहे, पण ट्रॉली गावाबाहेर पडताना दिसली की माझी नजर अजून त्यातली पोरंच मोजते.

मुलांच्या शिक्षणात घराचा वाटा किती, असं विचारलं की आमच्याकडचे बहुतेक आईबाप मान खाली घालतात. ‘आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळतंय बाई, तुम्हीच बघा.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मलाही ते खरंच वाटायचं. ते खरं नाही, हे मला एका आजीनं दाखवून दिलं.

तिसरीतला मुलगा. आईबाप कारखान्यावर गेलेले. शाळेत हंगामी वसतिगृह होतं, म्हणजे दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीजवळ. मी वर्गात फर्मान काढलं होतं की रोजच्या अभ्यासाखाली घरच्यांची सही आणायची. आपण ही सही कुणाकडे मागतोय, याचा मी विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वहीत पानाच्या तळाशी एक काळा डाग. मी चिडले. ‘वही घाण का केलीस?’ तो म्हणाला, ‘आजीचा अंगठा हाय, बाई. शाई नव्हती, तव्याला लावला.’

मी वही पुन्हा हातात घेतली. खरंच, त्या काजळीत अंगठ्याच्या रेषा होत्या.

त्या आठवड्यात मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आजी चुलीपुढे बसली होती, नातू दिव्याजवळ लिहीत होता. त्याचं लिहून झाल्यावर तिनं वही मांडीवर घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत मोजायला लागली. ‘काल अकरा झाल्या व्हत्या. आज सातच. चार कुठं गेल्या?’ पोरगं कुरकुरलं, पण परत लिहायला बसलं. चार ओळी होईपर्यंत तव्याकडे अंगठा गेला नाही. त्या बाईला अक्षर ओळखू येत नव्हतं. पण काल आणि आज यांतला फरक तिला कळत होता, आणि तो फरक आपल्याला कळतो हे ती नातवाला रोज कळू देत होती. मीसुद्धा प्रत्येक मुलासाठी एवढं रोज करत नव्हते, हे मला त्या संध्याकाळी मान्य करावं लागलं.

वर्ष संपल्यावर ती वही मी मागून घेतली. अजून माझ्या कपाटात आहे. काजळी पुसट होत चाललीय, पण प्रत्येक अंगठ्याची फिकी सावली समोरच्या पानावर उतरलेली आहे.

आपल्याकडे बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना आपण बडोद्याच्या शिष्यवृत्तीपासून सुरुवात करतो, कोलंबियापर्यंत जातो. मला त्याच्या आधीची परळची खोली महत्त्वाची वाटते. सातारा सोडून सुभेदार रामजी मुंबईला आले, तेव्हा चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहत होतं. तिथंच चूल, तिथंच सरपण, तिथंच झोपणं. अशा खोलीत शाळकरी मुलानं वाचायचं कधी? रामजींनी त्यावर काढलेला मार्ग बघा. भीमाला ते लवकर झोपायला लावत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोनच्या सुमाराला त्याला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. उशाला जातं, पायथ्याशी शेळी, आणि दिव्याच्या उजेडात पुस्तक घेऊन बसलेला मुलगा. खोलीत जागा नव्हती, तेव्हा बापानं आपल्या झोपेतून जागा काढून दिली. 1907 साली हा मुलगा मॅट्रिक झाला. गुण होते 750 पैकी 282.

आता कुणी म्हणेल, रामजी शिकलेले होते, लष्करातल्या शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांनी मुलाचं इंग्रजी स्वतः घेतलं. बरोबर आहे. तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून करून घेतली, ती विद्येच्या जोरावर. पण रात्री दोनला उठवायला विद्या लागत नाही. ते काम आमच्या आजीलाही जमलं असतं, आणि तव्याच्या काजळीनं तिनं ते केलंच.

याच घरातली आणखी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. भीमाला पुस्तकं हवी झाली आणि हातात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. उसने पैसे नाही मिळाले, तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण पडे, आणि पेन्शन आली की सोडवून परत केला जाई. मंजुळा आणि तुळसा ही त्या बहिणींची नावं. भावाच्या पुस्तकांमागे त्यांचे दागिने होते. त्या स्वतः मात्र शाळेच्या त्या वाटेवर गेल्या नाहीत. तो काळच तसा होता, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण मी शिकवत होते तो काळ काही तसा नव्हता, तरी माझ्या वर्गातल्या किती मुलींचं तेच झालं! आई उसाच्या फडात गेली की धाकट्याला कडेवर घेऊन कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, थांबते ती मोठी मुलगी. गावात राहिली, तरी आजीच्या हाताखाली पाणी, झाडलोट, भाकरी तिच्याकडेच. भाऊ अभ्यासाला बसतो आणि त्याला पाणी आणून देते ती बहीण. शाळा दोघांची एकच, गुरुजी एक, पुस्तकं फुकट. मग निकालात फरक का पडतो? आयाबहिणींनो, तुमच्या घरातलं संध्याकाळी सात ते नऊ एवढंच आठवून बघा. त्या दोन तासांत तुमची मुलगी कुठं असते आणि मुलगा कुठं असतो?

शहरातल्या श्रोत्यांसाठीही थोडं बोलते. तुमच्याकडे खोली आहे, टेबल आहे, क्लास आहे. तिथं मुलाला घरच्यांचं लक्ष भरपूर मिळतं, कधी कधी फारच. माझ्या भाचीच्या मुलाला मी दहावीच्या वर्षी बघितलं. घरात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ‘किती पडले?’ ‘आज काय वाचलंस, कुठं अडलास?’ हे त्याला कुणी विचारत नव्हतं. ओळी मोजणारी आजी आणि टक्के मोजणारं घर, दोन्हीकडे मोजणंच आहे. पण आजी त्यानं आज काय केलं ते मोजत होती, आणि हे घर त्याची किंमत मोजत होतं. मुलांना ते लगेच कळतं.

शाळेचीही चूक आहे, ती झाकणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात चारांतले किमान तीन सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या बाया. कायद्यानं घराला शाळेत एवढी जागा दिलीय. प्रत्यक्षात सभा ठेवली जाते सकाळी अकराला, म्हणजे आई रानात असते तेव्हा. मग रजिस्टर घरी पाठवायचं आणि सही घ्यायची, की झाली सभा. माझ्या शाळेत आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं. एका वर्षी सभा रात्री आठला मारुतीच्या पारावर घेतली, तर माणसं मावेनात. त्या सभेतच एक बाई उठून म्हणाली, ‘आमी चाललो तर पोरांना संध्याकाळी शाळेचीच एक खोली उघडी ठेवा. घरात लाइट नसती.’ इतकी साधी मागणी, पण ती आम्हा मास्तरांपैकी कुणाला सुचली नव्हती. त्या हंगामात खोली उघडी राहिली. गावातला बारावी झालेला एक पोरगा तिथं बसायचा, आणि आळीपाळीनं आज्या येऊन दारात बसायच्या.

म्हणून, गाडी भरत असलेल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, निघायच्या आधी शाळेत एक चक्कर मारा. हंगामी वसतिगृह कधी सुरू होणार, ते मुख्याध्यापकांना विचारा. नाव लावून घ्या. मुलीचं नाव आधी लावा. पोरांना बरोबर न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे पोराचं शिक्षण कुठवर आलंय ते लिहिलेला कागद, मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवा. आणि मागं राहणार असतील, तर त्यांच्यासाठी दिवसातली एक वेळ ठरवून जा.

माझ्या गावातल्या एका बापानं मागच्या हंगामात रात्री आठची वेळ ठरवली होती. दिवसभर मोळ्या वाहून आलेला तो माणूस कोपीबाहेर बसून घरी फोन लावायचा आणि पाचवीतल्या लेकीला सांगायचा, ‘वाच.’ ती मराठीचं पुस्तक उघडून धडा वाचायची. तो शाळेत फारसा गेलेला नाही, चूक झाली तर त्याला कळणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी एकदा तिच्याशेजारी बसून ते ऐकलं. मध्येच पलीकडून उसानं भरलेली गाडी गेल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्याचा आवाज, ‘थांब, थांब. ही ओळ ऐकू नाही आली. परत वाच.’

नमस्कार.