पुंगळी अडकते तेव्हा

(निवेदन)

तीन सेकंद. २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड फेरीत एका गोळीला एवढाच वेळ. आधी सात सेकंद लाल दिवा, हात खाली. हिरवा लागला की हात वर, नेम, गोळी. आणि नेमकी तेव्हाच काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर न पडता अर्ध्यात अडकून उभी राहते.

अशा वेळी पिस्तुलाशी खटपट करायची नाही. नळी समोरच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि पंचांना बोलवायचं. पिस्तुलाचा सरकता भाग, म्हणजे बोल्ट, स्वतः मागे ओढलात, तर बिघाड पिस्तुलाचा असला तरी भुर्दंड तुमचा.

आता जवळून बघा. पुंगळीची कड पकडून तिला ओढणारी ही एवढीशी आकडी, एक्स्ट्रॅक्टर. या पिस्तुलाच्या पॉइंट टू-टू कॅलिबरच्या शिशाच्या गोळीला मेण किंवा ग्रीस असतं. ते दारूच्या काजळीत मिसळून या आकडीखाली घट्ट बसतं. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, मग जुना टूथब्रश, सुती फडकं, तेलाचा एक थेंब. बरेचदा दुखणं इथेच संपतं. नाही संपलं, तर मॅगझिनवर, म्हणजे काडतुसं भरायच्या डब्यांवर, १, २ असे आकडे टाका. दर वेळी २ नंबरलाच अडकत असेल, तर चोर सापडला.

गोळ्या पांगतात, हे दुखणं वेगळं. तेव्हा सगळ्यांचा हात आधी साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, स्क्रूकडे जातो. तेवढं करू नका. स्क्रू सैल नाही ना, एवढंच बघा. मग पिस्तूल टेकूवर ठेवून २५ मीटरवरून दहा गोळ्या झाडा. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेमाच्या फेरीच्या, कागदावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. ग्रुप, म्हणजे दहा गोळ्यांचा पुंजका, त्याच्या निम्म्यात बसला, तर पिस्तुलाला बोल लावायला जागा नाही. नाही बसला, तर काडतुसांचा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, बदलून बघा. त्याच कंपनीच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक पडतो.

२०१८ मध्ये पालेमबांगला कोल्हापूरच्या राही सरनोबतनं याच प्रकारात आशियाई सुवर्ण मिळवलं. अंतिम फेरीत ३४-३४ बरोबरी, मग शूट-ऑफ. तिथे १०.२ गुणांच्या खालची गोळी धरलीच जात नाही. एवढ्या बारीक हिशोबात पिस्तुलाबद्दल मनात शंका ठेवून उभं राहता येत नाही, म्हणून ही सगळी मेहनत.

टेकूवर ग्रुप चांगला, पण हातात घेतलं की गोळ्या खाली-डावीकडे? उजव्या हाताच्या नेमबाजाचं हे जुनं दुखणं. ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम असावं लागतं. ते ओढताना बोटासोबत अख्खी मूठ आवळली जाते. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, प्लास्टिकचा प्लग घालून गोळीशिवाय कोरा सराव करा. प्लग हवाच, नाहीतर काडतुसावर ठोका देणारी पिन चेंबरच्या कडेवर आपटत राहते.

शेवटी लाकडी ग्रिप. पोकळी राहते तिथे पुट्टी, टोचतं तिथे पॉलिश पेपर, पण मनगटाला टेकू मिळणार नाही इतपतच. एका दिवशी एकच बदल. मग पुन्हा दहा गोळ्या, आणि वहीत तारीख घालून ग्रुपचं माप.