मोटर घेण्याआधी माप घ्या

(सोलापुरात ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या घरच्यांसमोर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मघाशी पायऱ्या चढताना एक आजोबा दिसले. वॉकर घेऊन आले आहेत. वॉकरची मूठ इतकी वर, की दोन्ही खांदे कानाला टेकलेत. आजोबा, जाण्याआधी मला भेटल्याशिवाय जाऊ नका. पाच मिनिटांचं काम आहे.

मला बोलायचंय मोटरवर चालणाऱ्या साधनांविषयी. हल्ली पेशंटची मुलं मोबाइल पुढे करतात. पायाला यंत्र बांधून माणूस चालतोय, असा व्हिडिओ असतो. ‘मॅडम, आईला हे घ्यायचंय, कितीला पडेल ओ?’ त्या प्रश्नामागची माया मला कळते, म्हणून त्या यंत्रापासूनच सुरुवात करते.

त्याला एक्सोस्केलेटन म्हणतात. पायांना बाहेरून बांधायचा सांगाडा, कमरेशी आणि गुडघ्याशी मोटर. इस्रायलच्या अमित गॉफर या अभियंत्याने बनवलेलं ‘रीवॉक’ हे त्यातलं गाजलेलं. 1997 साली अपघातात गॉफर यांच्या मानेला मार बसला आणि हातापायांची ताकद गेली. कमरेखाली लुळं पडलेल्यांना घरी वापरता यावं म्हणून अमेरिकेत 2014 मध्ये या यंत्राला परवानगी मिळाली. अंग थोडं पुढे झुकवलं की यंत्र पाऊल टाकतं. पण तोल मात्र ते सांभाळत नाही, तो माणसाने कुबड्यांवर सांभाळायचा. म्हणजे खांदे आणि हात धडधाकट हवेत, हाडं मजबूत हवीत, सोबत शिकवून तयार केलेलं माणूस हवं. गॉफर यांचे हातच दुबळे झालेले, त्यामुळे ज्याने यंत्र घडवलं त्यालाच ते घालून चालता आलं नाही. पुढे त्यांनी उभं राहता येईल अशी चाकांची खुर्ची तयार केली.

जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठातल्या योशियुकी सांकाई यांनी ‘हाल’ नावाचं यंत्र केलं. त्याची रीत मला फार आवडते. आपण पाय उचलायचं मनात आणलं की मेंदूकडून स्नायूंकडे निरोप जातो, आणि त्या निरोपाचा अगदी क्षीण विद्युत संकेत कातडीवर उमटतो. चिकटवलेले सेन्सर तो टिपतात आणि मग मोटर हात देते. म्हणजे आधी माणसाने आतून जोर लावायला हवा.

आजचं माझं सगळं म्हणणं यातच आहे. पक्षाघात झालेला असो की गुडघे झिजलेले असोत, बहुतेकांच्या पायांत काही ना काही शिल्लक असतं. मोटर घ्यायची ती त्या शिल्लक ताकदीला सोबत म्हणून. ती ताकद बसवून ठेवली की आटतेच.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मावशींचं सांगते. उभा जन्म मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. एके सकाळी उजव्या अंगावरून वारं गेलं. मुलगा यंत्रमागावर कामाला. त्याने कर्ज काढून मोटरची व्हीलचेअर आणली. खुर्ची सव्वीस इंच रुंद आणि न्हाणीघराचं दार दोन फुटांचं! बाहेरच्या दारात पाण्याची पिंपं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ती पिंपं बिचारे ठेवणार कुठे? मावशी दिवसभर खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीवरून खाटेवर. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा भिंतीला धरून चार पावलं टाकायच्या, ती तीन महिन्यांत बंद पडली. खुर्ची विकणाऱ्याने दाराचं माप एकदाही विचारलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

आम्ही पिंपं एका भिंतीला ओळीने लावली. न्हाणीघरात डाव्या हाताला दांडी बसवली. मावशींना चार पायांची काठी दिली आणि कधी उठायचं, कुठला पाय आधी टाकायचा ते रोज शिकवलं. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत अकरा पावलं होती. मावशी ती मोजायच्या, आणि जाऊन-येऊन पंचवीस भरली की म्हणायच्या, ‘एक कट्टा बांधला बघा.’ कट्टा म्हणजे विड्यांचं बंडल. पाच कट्टे झाल्याशिवाय त्या चहा घेत नसत. मोटरची खुर्ची आता दवाखान्याला आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाताना काढतात. तिची खरी जागा तीच होती.

मोटरचा वॉकरही असतो, जपानमध्ये वृद्ध तो वापरतात. चालायचं आपणच. चढ लागला की मोटर पुढे न्यायला मदत करते, उतारावर चाकं धरून ठेवते, आणि वॉकर हातातून निसटून पळायला लागला तर ब्रेक लावते. मोटरने माणसाशी वागावं ते असं. सोलापूरच्या दुकानांत मी तो अजून पाहिलेला नाही. आणि आला तरी आपल्या बोळात त्याची लहान चाकं गटारीच्या जाळीत अडकतील, हेही आधी बघावं लागेल.

आपल्या देशातलं एक काम मात्र जरूर सांगते. आयआयटी मद्रासमध्ये ‘नियोबोल्ट’ तयार झालं. व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक आहे ते. घरात खुर्ची हाताने फिरवायची, बाहेर पडताना चाक जोडायचं आणि रस्त्याला लागायचं. ताशी 25 किलोमीटरपर्यंत जातं. घरात हात राबतात, रस्त्यावर मोटर. ज्याचे खांदे चांगले आहेत अशा तरुणाला मी आधी हे बघायला सांगते.

काही घ्यायचं ठरवलंत तर आधी टेप काढा. सगळ्यात अरुंद दार कोणतं, उंबरा किती उंच? उंबरा सहा इंच असेल तर उतार सहा फूट लांब हवा, म्हणजे एकास बारा. दोन फुटांची फळी टाकून खुर्ची चढवाल तर ती मागे उलटेल. आणि बॅटरी! आपला उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो. लेड-ॲसिड बॅटरी 25 अंशांच्या आसपास सुखी असते, त्यावर साधारण दहा अंश चढले की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. पत्र्याखाली खुर्ची उभी करू नका, चार्जिंग रात्री गारव्याला लावा.

पैशांचं थोडक्यात. मोटरची तीनचाकी केंद्र सरकारच्या, अपंगांना साधनं देणाऱ्या ‘ॲडिप’ योजनेतून मिळू शकते, कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को ती बनवते. वयाच्या आणि अपंगत्वाच्या टक्केवारीच्या अटी आहेत, म्हणून अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. फॉर्म भरायला कुणाला अडचण असेल तर नंतर थांबा, बसून भरू.

आजोबा, या आता पुढे. सावकाश. सरळ उभे राहा, हात खाली सोडा. बघा सगळ्यांनी, मनगटाला जिथे घडी पडते, मूठ तिथे यायला हवी. यांची पार वर आहे. पायातली ही खिट्टी आत दाबायची आणि नळी वर सरकवायची. एक भोक... अजून एक. चारही पायांना सारखंच. आता धरा. कोपर थोडं वाकलंय, बरोबर. आजोबा, खांदे सोडा. हां. चला, त्या खिडकीपर्यंत जाऊन येऊ.