घडीचं स्टूल

श्रोतेहो, नमस्कार.

मिशनरी म्हटलं की डोळ्यांपुढे लांबचा प्रवास येतो. समुद्र, जंगल, परकी भाषा. माझा प्रवास लिफ्टने होतो. बहुमजली इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये मी आणि माझी पत्नी सेवा करतो, आणि त्यांतल्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. आमचा दिवस कसा जातो, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

पहाटे साडेपाचला माझी प्रार्थनेची वही उघडते. तिच्यात नावं नाहीत, फक्त फ्लॅटचे नंबर आहेत. वही चुकून कुठे राहिली, तर कुणाचं दुःख चव्हाट्यावर येऊ नये म्हणून. ४०३ मधल्या मुलाची परीक्षा आहे. ११०२ मधले नवरा-बायको महिनाभर एकमेकांशी बोललेले नाहीत. ६०१ मध्ये काय आहे, मला ठाऊक नाही. रात्री दोन वाजता तिथे दिवा जळत असतो, एवढंच दिसतं. त्या दिव्यासाठीही मी प्रार्थना करतो.

सहाला खाली उतरतो. रात्रपाळीचा वॉचमन घरी जायच्या तयारीत असतो. ॲम्ब्युलन्स कधी आली, कोण रडत बाहेर पडलं, कोण परतलंच नाही, हे सगळ्यांत आधी त्याला कळतं. आणि तू कसा आहेस, हे त्याला विचारणारं क्वचितच कुणी असतं. म्हणून माझी पहिली भेट त्याची.

मग दारं. इमारतीतलं दार सहजासहजी उघडत नाही, आणि मला त्याचा राग नाही. आतल्या माणसाला दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी विकतच असतं. आम्ही स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितल्याशिवाय कुठल्याही मजल्यावर जायचं नाही. दाराखालून पत्रकं सरकवायची नाहीत. घरात मूल एकटं असेल, तर उंबरठ्याबाहेरूनच परत फिरायचं. रात्री नऊनंतर बेल वाजवायची ती फक्त कुणी बोलावलं तरच. ५०२ मध्ये ऐकलेलं ४०२ मध्ये जाणार नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मदतीच्या बदल्यात कुणाचा विश्वास मागायचा नाही. औषध आणून दिलं म्हणून कुणी डोळे मिटून आमच्याबरोबर प्रार्थनेला बसावं, ही अपेक्षासुद्धा मला पाप वाटते.

सुरुवातीला मी एका दिवसात तीस-तीस बेला वाजवायचो. सेवा म्हणजे घरोघर फिरणं, असंच मनात होतं. मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा नीट वाचला. येशू आपल्या शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवतो. घरात शिरताच आधी शांतीचं अभिवादन करा म्हणतो, आणि पुढे काय सांगतो? त्याच घरी राहा, या घरातून त्या घरात फिरू नका. कितीदा वाचलं होतं मी हे! नेमकं तेवढंच निसटून गेलं होतं. त्या वर्षी आम्ही आमचं आधीचं घर सोडलं आणि या इमारतीत राहायला आलो.

आमच्या आधीही कितीतरी जणांना हेच उमगलं होतं. ग्लासगो शहरात 1819 साली थॉमस चामर्स या धर्मगुरूंनी सेंट जॉन्स पॅरिशचं, म्हणजे एका चर्चकडे सोपवलेल्या वस्तीचं, काम हाती घेतलं. वस्ती सुमारे दहा हजारांची, बरीचशी गरीब. त्यांनी तिचे पंचवीस भाग पाडले आणि प्रत्येक भाग एकेका माणसाकडे सोपवला, म्हणजे त्या माणसाला तिथली घरं नुसती मोजता न येता ओळखता यावीत. पुढे 1884 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युअल बार्नेट आणि हेन्रिएटा बार्नेट यांनी टॉयन्बी हॉल उभा केला. शिकलेल्या तरुणांनी गरिबांना भेट देऊन निघून न जाता त्यांच्या शेजारी राहावं, ही त्यामागची कल्पना.

आणि बहुमजली घरं तरी कुठे आजची आहेत? जुन्या रोम शहरात सामान्य माणसं भाड्याच्या उंच इमारतींतच राहत. त्या इतक्या उंच आणि कच्च्या होत गेल्या, की ऑगस्टस बादशहाला सत्तर रोमन फुटांची मर्यादा घालावी लागली. त्याच शहरात येशूचा प्रेषित पौल दोन वर्षं भाड्याच्या घरात राहिला. पहाऱ्यात होता, कुणाच्या दारी जाऊ शकत नव्हता. लोकच त्याच्याकडे येत.

पौलाचीच आणखी एक गोष्ट मला फार जवळची आहे. त्रोवस गावी वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो मध्यरात्रीपर्यंत बोलत होता. खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगत पेंगत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल बोलणं टाकून खाली उतरला आणि त्याने त्या मुलाला कवटाळलं. याच्यात जीव आहे, घाबरू नका, असं लोकांना सांगितलं. उरलेलं बोलणं त्यानंतर, पहाटेपर्यंत.

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक आजोबा राहतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एका पावसाळ्यात लिफ्ट बंद पडली आणि सहा दिवस बंदच राहिली. डायलिसिस काही थांबवता येत नाही. पहिल्या दिवशी मी आमचं घडीचं स्टूल घेऊन वर गेलो. एक मजला उतरायचा, स्टूल उघडायचं, आजोबांना बसवायचं, श्वास बसेपर्यंत थांबायचं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. हाताच्या शिरेवर डायलिसिससाठी केलेली जागा फुगलेली, आणि आतली थरथर माझ्या शर्टातून मला जाणवत होती. मी त्यांच्या एक पायरी खाली, माझी पत्नी एक पायरी मागे.

पाचव्या मजल्यावर बसलो असताना स्टुलाचा पाय फरशीवर घासला. एक दार उघडलं. त्या बाई तिथे नऊ वर्षं राहत होत्या आणि आजोबांना त्यांनी फक्त लिफ्टच्या आरशात पाहिलं होतं. त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. चौथ्या मजल्यावर एका मुलाने त्यांची हॉस्पिटलची फाइल माझ्या हातातून काढून घेतली आणि तो पुढे चालू लागला. तिसऱ्या मजल्यावर आजोबा बराच वेळ बसले. ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाले, “तुम्ही ते प्रार्थनेचं काय करता, ते आता इथेच करा.” चार वर्षांत मी त्यांच्याकडे प्रार्थनेचा विषय एकदाही काढला नव्हता. जिन्यातच उभे राहिलो आणि दोन वाक्यं बोललो. दम पुरावा आणि रक्त शुद्ध होऊन घरी परत यावेत, एवढंच मागितलं. आजोबांचा धर्म वेगळा आहे, आजही तोच आहे. तांब्या घेतलेल्या बाईही मान खाली घालून उभ्या होत्या.

संध्याकाळी वर चढवायचं होतं, ते उतरण्याहून अवघड. पण तोवर वॉचमनने तीन तरुण गोळा करून ठेवले होते. खुर्चीवर बसवून त्यांनी आजोबांना वर नेलं. वळणावर खुर्ची कशी तिरकी करायची, हे ते आपसांत ठरवत होते. मी मागून नुसतं स्टूल घेऊन चाललो होतो.

लिफ्ट आता चालते. स्टूल मात्र आमच्याकडे परत आलेलं नाही. ते पाचव्या मजल्यावर त्या बाईंच्या दाराआड उभं असतं आणि त्यांनी त्याला जाड कापडाची गादी शिवली आहे. परवा ६०१ चं दार पहिल्यांदा उघडलं. एका तरुण बाईने विचारलं, आईला खाली न्यायचंय, ते स्टूल मिळेल का?

मी तिला पाचव्या मजल्याचं दार दाखवलं, आणि पत्नीला हाक मारून दोघंही वर गेलो.

नमस्कार.