कॅरॅव्हॅन, कांदा आणि ताडपत्री

(गंगापूर रोडवर झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक गोष्ट कबूल करतो. मी ताडपत्र्या आणि कव्हरं शिवून विकतो. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझं दुकान आहे. ट्रकच्या ताडपत्र्या, रिक्षांचे हूड, सीट कव्हर, असं सगळं चाळीस वर्षं केलं. म्हणजे ‘थंडीत कॅरॅव्हॅनवर, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीवर, कव्हर घालावं का’ या प्रश्नाला माझ्याकडून ‘घाला’ हेच उत्तर यायला हवं. तरी मी आज बऱ्याच जणांना ‘घालू नका’ म्हणणार आहे. गल्ल्यावर मुलगा बसलाय, तो नंतर माझ्याशी बोलेल.

2021 मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यानंतर माझ्याकडं चौकशा वाढल्या. कोणी ट्रॅव्हलर मिनीबस आतून बदलून तिचं घर केलेलं असतं, कोणाकडं मागं जोडायचा फायबरचा ट्रेलर असतो. वर्षातले दोन महिने गाडी फिरते, बाकी दहा महिने बंगल्याच्या बाजूला नाही तर मळ्यात उभी. मग नोव्हेंबर लागला की फोन येतो, “काका, थंडीसाठी कव्हर पाहिजे.” मी विचारतो, थंडीसाठीच का? उत्तर ठरलेलं असतं, की तिकडं इंग्लंडमध्ये सगळे घालतात.

तिकडं घालतात, खरं आहे. त्यामागचं कारण मात्र समजून घ्या. तिथल्या लोकांचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास संपतो आणि मार्चपर्यंत गाडी उभी राहते. ते सगळे महिने पाऊस, रिपरिप, झाडांची पानं आणि चिकट घाण. ऊन नावालाच. पत्र्यावर हिरवं शेवाळ चढतं. रात्री पारा शून्याखाली गेला की नळ्यांतलं पाणी गोठून फुगतं आणि नळ फुटतात, म्हणून ते सगळं पाणी काढून नळ उघडे ठेवतात. त्यांच्या बऱ्याच जुन्या कॅरॅव्हॅनचा सांगाडा लाकडाचा असतो, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि सांध्यात सीलंट. एकदा सांधा उघडला की पाणी लाकडात शिरतं. तिथले कारागीर ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावतात. पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक, वीसच्या वर गेलं की काळजी, तीसच्या वर म्हणजे लाकूड कुजायला लागलं असं समजतात.

आता मला सांगा, हे वर्णन आपल्या कुठल्या ऋतूचं झालं? त्यांचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. आपण मात्र त्यांचं कॅलेंडर तसंच उचललं आणि नोव्हेंबरात कव्हर शोधत बसलो. आपला नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे कोरडा काळ.

इथं थोडा हिशेब करू. तीस अंशाच्या हवेत घनमीटरमागं साधारण तीस ग्रॅम वाफ मावते. तीच हवा दहा अंशावर आली की नऊ-साडेनऊ ग्रॅमच मावते. बाकीचं पाणी कुठं जाणार? सगळ्यात गार वस्तूवर जाऊन बसतं. कॅरॅव्हॅनच्या आत वीस घनमीटर हवा धरा. पावसाळ्याच्या शेवटी ती दमट असताना खिडक्या घट्ट बंद केल्या आणि वरून प्लास्टिक ओढलं, तर थंडीच्या पहिल्या पहाटे आतल्या छतावर चारशे ग्रॅमपर्यंत पाणी बसू शकतं. अर्ध्या लिटरच्या जवळ. त्यात गाद्या आणि प्लायवूड आपापली ओल सोडणार, ती वेगळी. दुपारी तापलं की पाण्याची वाफ होते, रात्री पुन्हा पाणी. तेच पाणी आत फिरत राहतं, बाहेर जायला वाट नाही.

उघड्या गाडीत काय होतं? आपल्याकडं डिसेंबरात पहाटे दहिवर पडतं, टप ओला होतो. नऊ-दहा वाजता ऊन वर आलं की टप वाळतो. दुपारची हवा इतकी कोरडी की ती आतलीही ओल ओढून घेते. नाशिकची थंडी म्हणजे फुकटातलं वाळवण आहे! त्या वाळवणावर आपणच कापड टाकायचं म्हणजे पापड घालून वर छत्री धरण्यातला प्रकार.

द्राक्षवाले इथं बसलेत, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पान ओलं राहिलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग येतो. पहाटे दव किती पडलं आणि ऊन कधी आलं, यावर तुमची फवारणी ठरते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा बागेत शेकोट्या पेटतात. कॅरॅव्हॅनच्या गादीला बुरशी येते तिचं गणित काही निराळं नाही.

आणि त्याहून चांगलं उदाहरण म्हणजे कांद्याची चाळ. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि पावसाळा अंगावर काढून बाहेर येतो. चाळ कशी असते? जमीन सोडून उचललेला तळ, खालून हवा. बाजूंना पट्ट्या, मध्ये फटी. वर छप्पर, आणि ते भिंतीच्या पुढं आलेलं, म्हणजे झड आत येत नाही. एवढ्या मोलाचा माल, तरी कोणी त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळत नाही. गुंडाळला की आठ दिवसांत वास सुटतो. लासलगावच्या बाजारात ज्यानं एक ट्रॅक्टर कांदा विकलाय, त्याला वर छप्पर आणि बाजूनं वारा हे वेगळं शिकवावं लागत नाही. तोच माणूस चाळीसमोर उभ्या केलेल्या गाडीला मात्र निळ्या ताडपत्रीत करकचून बांधतो.

ही नुसती टीका नाही, मी स्वतः हे पाप केलंय. काही वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं. गिरणारे गावाच्या बाजूला मळा, तिथं त्यांची जुनी ट्रेलर कॅरॅव्हॅन. म्हणाले, “पाऊस एक थेंब आत जाता कामा नये.” मी जाड पीव्हीसी लावलेलं कापड काढलं, चाकांपर्यंत खाली आणलं, तळाला इलॅस्टिक घातलं, शिवणीवरून टेप मारला. माझ्या हातचं इतकं नेटकं काम कमी वेळा झालं असेल. जूनमध्ये घातलं, दसऱ्याला काढलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. दार उघडलं तर कुबट वास असा की दोघंही मागं सरलो. कोपऱ्यातल्या प्लायवर बोट ठेवलं, ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं. पाऊस खरोखरच एक थेंब आत गेला नव्हता. टपावरच्या झडपेच्या कडेला आधीपासून बारीक गळती होती, गादी थोडी ओली होती, आणि मी ती ओल साडेतीन महिने आत कोंडून ठेवली. वर कव्हर असल्यामुळं मधे कोणी डोकावलंही नाही. तळाशी घुशीनं घर केलं होतं, तेही तेव्हाच कळलं. कव्हरचे पैसे मी परत केले. प्लायचे कोणी केले नाहीत.

कव्हरचा आणखी एक दोष कोणी सांगत नाही, तो म्हणजे घासणं. आपल्या मातीच्या रस्त्यांची धूळ टपावर बसते, तिच्यावर कव्हर पडतं, आणि वारा सुटला की ते कापड दिवसरात्र हलतं. धूळ आणि कापड मिळून पॉलिश पेपर झाला. कोपरे पांढरे पडतात. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर त्यांच्यावर जे ओरखडे उठतात ते जात नाहीत. सैल कव्हर हे कव्हर नसण्यापेक्षा वाईट. घालायचंच असेल तर गाडी आधी धुवा, एक पूर्ण दिवस उन्हात वाळवा, खिडक्यांवर मऊ सुती कापड लावा आणि पट्टे पोटाखालून घेऊन ताणा. वायुवीजनाच्या जाळ्या झाकू नका.

मग कव्हर कधीच नको का? घाला की, मार्च ते मे. हे ऐकून दुकानात लोक माझ्याकडं बघत राहतात. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हवा स्वच्छ, ऊन कडक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. सीलंट आणि रबर ऊन खाऊन ताठ होतात, त्यांना भेगा जातात, आणि जूनचं पाणी त्याच भेगांतून आत येतं. आपण पावसाला दोष देतो, भोकं पाडलेली असतात उन्हानं. त्या तीन महिन्यांत हवा कोरडी, त्यामुळं कव्हरखाली ओल कोंडायची भीती सगळ्यात कमी. वळवाचा पाऊस आला तर दुसऱ्या दिवशी एक बाजू उचलून वारा लागू द्या, एवढंच.

कापड कुठलं? न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन मिळतं, तीन-चार थरांचं. मधल्या थराची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. महाग असतं, आणि आपल्या उन्हात ते स्वतःच काही हंगामांत विरतं, हे विकणारा म्हणून सांगतो. निळी ताडपत्री स्वस्त, पण तिच्यातून वाफ जात नाही. ती ट्रकमधल्या पोत्यांसाठी ठीक, पोती दोन दिवसांत उतरतात.

आणि पावसाळ्यासाठी? शेड. चार खांब, वर पत्रा, गाडीच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट पुढं आलेला. बाजू मोकळ्या. म्हणजे कांद्याची चाळच, चाकांवरच्या कांद्यासाठी. इगतपुरीकडं ज्यांची जागा आहे त्यांनी पश्चिमेची बाजू झडीसाठी अर्धी झाकावी, तिकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. नाशिक शहरात आणि सिन्नरकडं एवढी गरज नाही.

इथं एक हात वर झालाय. प्रश्न असा आहे की थंडीत उघडी ठेवली आणि अवकाळी आला तर? बरोबर. 2023 च्या नोव्हेंबरच्या शेवटी निफाडकडं गारपीट झाली, बागा झोडपल्या गेल्या, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण गारेपुढं पातळ कव्हरही काही कामाचं नाही. टपावरची प्लास्टिकची झडप फुटायची ती कापडाखालीही फुटते. तेवढ्या झडपेवर जुन्या गादीचा तुकडा बांधून ठेवा. साधा अवकाळी असेल तर तो दोन दिवसांचा पाहुणा, मागून ऊन येतंच. सांधे चांगले असतील तर गाडीला काही होत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याच्या टाकीचा. आपल्याकडं नळ गोठून फुटायचे नाहीत, तरी टाकी रिकामी करा. कारण डास. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. नळ उघडे, सिंकखालचं झाकण काढलेलं, फ्रिजचं दार किलकिलं. गाद्या उभ्या करून भिंतीपासून वीतभर लांब. गॅसची टाकी बंद. थंडीत पंधरा दिवसांनी एकदा दुपारी बारा ते तीन सगळी दारं-खिडक्या उघडून तिथंच बसून डबा खा. गाडी तपासलीही जाते आणि घरच्यांना सहल झाल्यासारखं वाटतं.

बोलणं लांबलं. मागं टेबलावर मी तीन कापडं ठेवली आहेत, त्यात त्या गिरणाऱ्याच्या कव्हरचाही तुकडा आहे. चहा आला की एका कपावर एक कापड ताणून धरा आणि वर काचेचा ग्लास उपडा ठेवा. ज्या ग्लासाच्या आत धुकं धरेल ते कापड श्वास घेतं. माझ्या त्या कापडावर ग्लास पूर्ण कोरडा राहतो, आणि कापडाची खालची बाजू ओलीचिंब होते. फक्त चहा सांडू नका, सतरंजी मंडळाची आहे.