हिवाळ्यातला कातळटप्पा : चढण्याआधी उतरण्याचा विचार

मित्रहो,

आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाला लागलेला काळा दगड आणि नाशिककडच्या मदन किंवा साल्हेर गडाचा कातळ ही एकाच कुळीची चीज आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले. सोलापूरच्या बाजूला त्यांचे पठार झाले, तर सह्याद्रीच्या माथ्यावर तेच थर झिजून उभे राहिले. प्रत्येक थराचा घट्ट भाग कड्याच्या रूपाने टिकतो आणि वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला वरचा भाग लवकर झिजून त्याचा पदर, म्हणजे दोन कड्यांमधला उतरता पट्टा, होतो. म्हणूनच आपल्या डोंगरांवर चढणाऱ्याला आधी उभा कातळ, मग गवताळ पदर आणि पुन्हा कातळ असा क्रम भेटतो.

हिवाळ्यात हा कातळ कोरडा असतो, शेवाळ वाळलेले असते आणि बुटाला पकड चांगली मिळते. त्यामुळे दोराविना, हातापायांच्या जोरावर शिखर गाठण्याचा मोह याच दिवसांत सर्वाधिक होतो, आणि तो रास्तही आहे. पण पकड कातळावर मिळते, पदरावर मिळत नाही. पावसाने सैल केलेली माती वाळून भुसभुशीत झालेली असते, तिच्यावर बारीक मुरूम आणि आडवे पडलेले पिवळे गवत असते, आणि सकाळच्या दवाने ते गवत ओले झाले की त्या घसाऱ्यावर पाय ठरत नाही. कातळटप्प्यावर आपण सावध असतो. तो पार झाला की सुटलो असे वाटते आणि नेमके तिथेच माणूस घसरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एखादा टप्पा आपल्याला चढता येईल का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तोच टप्पा दमलेल्या पायांनी, उतरत्या उन्हात उतरता येईल का, हे आधी ठरवले पाहिजे. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते, तर उतरताना ती आपल्याच गुडघ्याखाली झाकली जाते आणि पाय अंदाजाने टाकावा लागतो. म्हणून उभा टप्पा कातळाकडे तोंड करूनच उतरावा, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी पक्के ठेवून चौथाच हलवावा, आणि आधी उतरलेल्या साथीदाराने बाजूला उभे राहून "डावा पाय अजून वीतभर खाली" असे स्पष्ट सांगावे. त्याने बरोबर खाली मात्र कधीही उभे राहू नये, कारण सुटलेला दगड तिथेच येतो.

हाताच्या पकडीचेही तसेच आहे. दगड धरण्याआधी त्यावर तळवा आपटून पाहावा. आवाज पोकळ आला तर तो सोडून द्यावा. ठीक वाटणारा दगडही बाहेर खेचू नये, खाली दाबावा. पाठीवरची भरलेली सॅक कातळाला टेकली की माणसाला बाहेर ढकलते, म्हणून अरुंद जागी ती उतरवून वेगळी द्यावी. वाटेत कुणी बांधून ठेवलेला जुना दोर दिसला तर त्यावर भार टाकू नये, कारण उन्हाने नायलॉन कमकुवत होतो आणि ते नुसते पाहून कळेलच असे नाही.

त्र्यंबकजवळच्या हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांना हातासाठी खोदलेल्या खोबण्या आहेत. ज्यांनी त्या खोदल्या त्यांनी उतरणाऱ्याचाही विचार केला होता, असे मला ती वाट पाहताना नेहमी वाटते. अलंग आणि मदन या गडांच्या पायऱ्या मात्र इंग्रजांनी उद्ध्वस्त केल्या. तिथे आज दोर आणि जाणकार माणूस यांच्याशिवाय जाऊ नये. नुसत्या हातापायांनी चढण्याची हद्द तिथे संपते.

सोलापूरकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपण रात्रभर गाडीत बसून पायथ्याला पोहोचतो आणि न झोपताच चढू लागतो. डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, त्यात झोप नसलेल्या शरीराचा तोल आणि निर्णय दोन्ही ढिले पडतात. पायथ्याच्या गावात एक मुक्काम करावा, आग्या मोहोळ कुठल्या कड्याला आहे ते गावकऱ्यांना विचारून घ्यावे आणि त्या बाजूला धूर किंवा अत्तर नेऊ नये. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवावी. ती बरेच दिवस टिकते आणि चूल पेटवावी लागत नाही. थंडीत तहान कळत नाही, म्हणून ठरवून पाणी प्यावे.

आणि निघतानाच परतीची वेळ ठरवावी. शेवटचा कातळटप्पा सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी सर्वांनी उतरलेला असावा, असा हिशेब मागे मोजत आणावा. त्या हिशेबात शिखर बसत नसेल, तर पदरावरूनच मागे फिरावे.