‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’: जपानची बाजू, पण कुठल्या जपानची?

नमस्कार मंडळी.

एक सेनापती लढाईवर आलाय. इथून जिवंत परत जाणं नाही, हे त्याला ठाऊक आहे. आणि घरी पत्रात तो लिहितो काय, तर निघायच्या आधी स्वयंपाकघराच्या जमिनीचं काम करायचं राहून गेलं. हा ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ या चित्रपटातला जपानी जनरल कुरिबायाशी. केन वातानाबे या नटाने तो असा उभा केलाय की बघता बघता आपण त्याच्या बाजूचे होतो.

वाद तिथेच सुरू होतो. या चित्रपटावरचे तीन आक्षेप एकेक करून बघू.

आधी लढाईबद्दल थोडक्यात. इवो जिमा हे पॅसिफिकमधलं छोटंसं बेट. दुसऱ्या महायुद्धात, १९ फेब्रुवारी ते २६ मार्च १९४५, इथे जपान आणि अमेरिका लढले. सुमारे २१ हजार जपानी सैनिक भुयारं खणून बसले होते, त्यातले बहुतेक सगळे मेले. अमेरिकेचेही जवळजवळ ७ हजार गेले. त्यावर २००६ साली क्लिंट ईस्टवुडने, म्हणजे अमेरिकन दिग्दर्शकाने, जवळपास पूर्ण जपानी भाषेत चित्रपट केला. अमेरिकेपेक्षा तो जपानमध्ये कितीतरी जास्त चालला.

शत्रूला माणूस म्हणून दाखवलं, हा पहिला आक्षेप मला अजिबात पटत नाही. यात एक प्रसंग आहे. जखमी अमेरिकन मुलगा भुयारात मरतो. त्याच्या हातात आईचं पत्र. जपानी अधिकारी ते मोठ्याने वाचून सैनिकांना त्यांच्या भाषेत सांगतो. पत्रात काय, तर कुत्र्यांनी कुंपणाखाली भोकं पाडली, असलंच घरगुती काहीतरी. ऐकता ऐकता सैनिक एकेक करून उठून उभे राहतात. या अमेरिकनांना राक्षस म्हणायला त्यांना शिकवलेलं असतं. हा प्रसंग काढून टाका म्हणणाऱ्याशी माझं जमायचं नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. यातले दोन्ही भले अधिकारी अमेरिकेत राहून आलेले. कुरिबायाशी तिथे शिकलेला, आणि पत्र वाचणारा बॅरन निशी १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचं सुवर्णपदक जिंकलेला. म्हणजे चांगला जपानी तो, ज्याला अमेरिकेचं पाणी लागलंय? पण मग सायगो या साध्या सैनिकाचं काय? मुळात तो पाववाला. आधी त्याचे पाव लष्करी पोलिसांनी उचलून नेले, मग भांडीकुंडी नेली, शेवटी सरकारने त्यालाच नेलं, घरात बायको गरोदर असताना. त्याने अमेरिका पाहिलेली नाही. त्याला फक्त घरी जायचंय. म्हणून हा आक्षेप मी अर्धाच मान्य करेन.

तिसरा मात्र पूर्ण मान्य. जपानने चीनवर केलेलं आक्रमण यात कुठे आहे?

शिमिझू नावाचा तरुण सैनिक केंपेइताईमधून, म्हणजे लष्करी पोलिसांतून, हाकलला गेलेला दाखवलाय. का? तर एका घरातलं कुत्रं मारायचा हुकूम त्याने पाळला नाही. ज्या केंपेइताईने व्यापलेल्या मुलखात माणसांचा अमानुष छळ केला, तिचा क्रूरपणा इथे आपल्याला कळतो तो एका कुत्र्यावरून. खुद्द कुरिबायाशी १९४१मध्ये हाँगकाँग घेणाऱ्या सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ होता. चित्रपटात त्याच्या अमेरिकेतल्या आठवणी येतात, हाँगकाँग येत नाही. ही निवड आहे, आणि ती मला खुपते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, ते याच जपानी सैन्याशी लढणाऱ्यांच्या जखमा बांधायला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्या जखमा करणारे हातसुद्धा घरी पत्रं लिहीतच असणार. ते हात दाखवले असते तर हा चित्रपट बघायला जड गेला असता, पण मोठा झाला असता.

आणि आणखी एक जपानी बाजू आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्या बेटावर गाव होतं, हजारभर माणसं राहायची. १९४४ साली त्यांना हलवलं. चित्रपटात हे सेनापतीच्या एका हुकुमात उरकतं. ती माणसं पुन्हा तिथे राहायला जाऊ शकली नाहीत. चित्रपट आल्यावर त्यांनी तक्रार केली ती नावाबद्दल. आमच्या बेटाला आम्ही ‘इवो तो’ म्हणायचो, ‘इवो जिमा’ हे नाव लष्करामुळे रूढ झालं. अक्षरं तीच, उच्चार वेगळा. २००७मध्ये जपान सरकारने नकाशावर ‘इवो तो’ हा उच्चार अधिकृत केला.

नाव परत मिळालं. गाव नाही.